खोलीतली शांतता

“फोन! सगळ्यांचे फोन बंद! सायलेंट नव्हे, बंद!”

हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा ओरडलो, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर एव्हाना मोक्ष मिळाला असता. मी सिनेमाचा साउंड रेकॉर्डिस्ट. माइकजवळ चालू फोन असला की त्याची टर्रटर्र आवाजात उतरते, आणि नटाने जीव ओतून केलेला शॉट मातीत जातो. म्हणून शॉटच्या आधी सगळ्यांचे फोन माझ्या पत्र्याच्या डब्यात जमा व्हायचे. माझ्यावर युनिटमधले निम्मे लोक कायम चिडलेले असायचे ते यासाठीच.

त्या दिवशी आम्ही पोलंडमध्ये होतो, ग्दान्स्क नावाच्या बंदरात. नोव्हेंबरची थंडी, हाडं कडकडतील अशी. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतला होता आणि खिडकीखालून ट्राम जायची, म्हणजे माझ्या जिवाला घोर. सिनेमा हिंदी, गुन्हेगारीचा. एक निवृत्त डिटेक्टिव्ह, त्याची बायको नुकतीच गेलेली, आणि तो दुःख गिळून परक्या देशात एका मुलीचा खुनी शोधतोय. कपाच्या कडेवरचा डाग बघून तो माणसाची जन्मपत्रिका सांगायचा. सिनेमाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी कोणाला आठवणार नाही.

डिटेक्टिव्हचं काम उमाकांत आरोलकर करत होते. मूळचे वेंगुर्ल्याचे, उभी हयात मराठी रंगभूमीवर गेलेली. हिंदीत तोवर त्यांच्या वाट्याला आले ते हवालदार, वकील आणि नायिकेचे मामा. मुख्य भूमिका ही पहिलीच. सगळे त्यांना ‘सर’ म्हणायचे, मी ‘काका’ म्हणायचो.

सकाळी त्यांच्या छातीला छोटा माइक चिकटवायला गेलो, तर शर्टाची बटणं सोडत म्हणाले, “काय पोंक्षे, आज छातीवरचे केस ठेवणार की तेही उपटणार?”

“टेप काढताना श्वास रोखून धरा. आज मोठा सीन आहे ना?”

सीन असा होता, की डिटेक्टिव्ह परदेशातून आपल्या रिकाम्या घरी फोन लावतो. उचलणारं कोणी नाही हे त्याला माहीत आहे. तरी तो गेलेल्या बायकोशी बोलतो. टेबलावर एक काळा जुना फोन ठेवला होता, त्याची वायर टेबलाखाली कापलेली होती.

“बत्रा मघाशी मला विचारतोय,” काका म्हणाले, “‘सर, आपका कोई पर्सनल लॉस है क्या? यूज़ कर सकते हैं.’ खिशात सुटे आहेत का, असं विचारावं तसं.” साहिल बत्रा आमचा दिग्दर्शक. वाईट माणूस नव्हता, वयाने लहान होता.

“मग काय सांगितलंत?”

“नाही म्हटलं. तुला सांगतो.”

आणि मी टेप लावत असताना त्यांनी ते सांगितलं. तरुण असताना दादरला एका नाटकाच्या तालमीत होते. शेजाऱ्यांकडे गावाहून फोन आला, “बाबांची तब्येत जरा बरी नाही, निघून ये.” हा माणूस धावपळ करून औषधाच्या दुकानातून इंजेक्शन घेतो, थर्मासात बर्फ घालून त्यात ते ठेवतो, मोसंबी घेतो आणि एसटीत बसतो. घाटातल्या प्रत्येक वळणावर देवाला एकेक नवस बोलतो. घरी पोचतो तर अंगणात सगळं गाव थांबलेलं.

“तिरडी बांधून तयार होती, आणि माझ्या हातात मोसंब्यांची पिशवी. बाबा आदल्या दुपारीच गेले होते, मला फोन करायच्याही आधी. घाटात मी देवाशी घासाघीस करत होतो, आणि सौदा कधीच आटपला होता.”

“आपल्यात खरं सांगत नाहीतच काका. वाटेत एकटं माणूस, काही बरंवाईट व्हायचं. माझी आजी गेली तेव्हा आत्याला सांगितलं होतं, जरा चक्कर आलीय.”

“तेच. सगळ्यांना माहीत, फक्त मला नाही. तेव्हा ठरवलं, पुन्हा फसायचं नाही. दुधाने तोंड पोळलंय माझं.” मग शर्टाची बटणं लावत म्हणाले, “निघताना आयेच्या पाया पडलो. तिचं हृदय थकलंय आता. म्हटलं, जाऊ नको म्हण, नाही जात. तर म्हणते, ‘जा रे. मी खंय पळान जातंय?’”

लाइटवाले दिवे लावत होते तेव्हा काकांचा फोन वाजला. डबा अजून फिरवायचा होता. ते फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

भिंतीला कान असतात म्हणतात. शूटिंगवर ते कान मी असतो. नटाच्या अंगावर माइक असला की तो चहाला गेला काय, मोरीत गेला काय, माझ्या हेडफोनमध्ये सगळं येतं. सभ्य माणूस अशा वेळी बटण खाली ओढतो. मीही ओढणार होतो, पण त्यांचा आवाज ऐकून हात थांबला. गावाहून त्यांच्या भावाचा, दाजीचा, फोन होता.

“बोल दाजी... कधीपासून?... डॉक्टर काय म्हणतात?... मग तिला दे ना फोन... झोपलीय?... आता? या वेळेला?... नाही नाही, तू रडू नकोस. मी काही विचारत नाही.” मग बराच वेळ नुसता श्वास. आणि शेवटी, “बरं.” थोड्या वेळाने पुन्हा, “बरं.”

पहिला ‘बरं’ जरा वर होता, दुसरा खाली. नाटकात पडदा दोन टप्प्यांत उतरवतात तसा.

ते बाहेर आले आणि माझ्याजवळ उभे राहिले.

“पोंक्षे, आये गेली.”

“असं म्हणाले तुमचे भाऊ?”

“तो कसा म्हणेल? तो म्हणाला, ‘तब्येत जरा जास्तच आसा, जमलां तर ये, नायतर सांजेक फोन तरी कर.’” कोटाच्या खिशात हात घालून ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग एकेक सांगायला लागले. त्यांचं डिटेक्टिव्हचं सोंग अजून अंगावर होतं, आणि ते बोलतही तसेच होते. “भर दुपारी दुकान सोडून दाजी घरी आहे. दाजी लग्नाच्या दिवशीसुद्धा दुकान उघडून आला होता. आये झोपलीय म्हणाला. ती दिवसा कधी झोपत नाही. मागं घर माणसांनी भरलेलं, बायकांचे आवाज. आणि कोणीतरी विचारत होतं, ‘भटजी इले काय?’”

भटजी आले का विचारतात म्हटल्यावर माझ्याही मनात शंका राहिली नाही. माझे डोळे भरून आले. त्यांचे कोरडे होते.

बातमी सगळ्या युनिटमध्ये गेली. बत्राने येऊन त्यांचे हात धरले, “सर, पॅक-अप करते हैं.” प्रॉडक्शनवाल्याने विमानं शोधली. त्या दिवशीचं एकही मिळत नव्हतं, दुसऱ्या दिवशी सकाळचं मिळालं. जेवणाची ताटं आली, काकांनी ताट परत केलं. “आज नको.” सगळ्यांना कळलं. आमच्यातल्या दोघा-तिघांनी त्यांच्यासोबत नुसता काळा चहा घेतला.

फक्त माग्दाला कळेना. माग्दा म्हणजे आमच्यासाठी तिथली धावपळ करणारी पोलिश मुलगी, आडदांड, प्रेमळ. ती इंग्रजीत विचारत राहिली.

“त्यांची आई वारली?”

“हो.”

“पण भावाने सांगितलं की आजारी आहे.”

“आमच्यात तसंच सांगतात,” मी म्हटलं.

“आणि खरोखर आजारी असली तर काय सांगतात?”

मी जरा अडखळलो. “तेच सांगतात.”

“मग ते आईला फोन का करत नाहीत?”

मी तिच्याकडे बघून मान हलवली. बिचारीला आपल्या चालीरीती काय माहीत, असं मला वाटलं. आम्हा सगळ्यांनाच तिची कीव आली. तिचा प्रश्न मी काकांना सांगितलाही.

“भावाला फोन करू?” काका म्हणाले. “आणि तो खोटं बोलणार, मी ते ऐकणार? त्याला ते जमत नाही रे. मघाशी त्याचा आवाज फाटत होता. मीच त्याला मोकळं करतो.”

त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर दाबत मेसेज लिहिला आणि मला वाचून दाखवला. “मला समजलं आहे. माझी वाट पाहू नका. दाजीने अग्नी द्यावा.” पाठवला, फोन बंद केला आणि आपल्या हाताने माझ्या डब्यात ठेवला.

“बत्राला सांग, करून टाकू सीन. हॉटेलात बसून भिंतीकडेच बघायचंय, त्यापेक्षा हे बरं.”

खिडकीखालची ट्राम गेली. मी अंगठा दाखवला. कॅमेरा सुरू झाला.

काकांनी काळ्या फोनचा नंबर फिरवला, रिसीव्हर कानाला लावला. ठरलेलं हिंदी वाक्य म्हणाले, “सुनो... मैं पहुँच गया हूँ. यहाँ बहुत ठंड है.” पुढचं वाक्य येईना. बत्राने कट म्हटलं नाही. आणि काका त्या वायर कापलेल्या फोनमध्ये हळू आवाजात बोलायला लागले.

“आये... माका तुझो राग इलेलो. बाबा गेले तेव्हा. तूच सांगितलंस ना सगळ्यांका, उमोक खरां सांगू नको म्हणान? वरसभर मी तुझ्याशी धड बोललंय नाय. तू पानात माशे वाढीत रवलंस, मी मान खाली घालून जेवत रवलंय. आता कळता गे. ती एक रात एष्टीत बाबा माझ्यासाठी जित्ते होते. सगळ्यांसाठी गेलेले, माझ्यासाठी नाय. ती रात माका तू दिलंस. ह्यां तुका सांगूचां रवलां. रवलांच.”

रिसीव्हर त्यांनी हळूच खाली ठेवला, झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तसा.

मी असंख्य शॉट ऐकलेत. असा आवाज माझ्या कानात पुन्हा कधी आला नाही. बत्रा रडत होता, त्याला मालवणीचं अक्षर कळत नव्हतं तरी. कट म्हणायचंही त्याला सुचेना.

सीन झाला की माझं एक काम उरतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला तीच शांतता लागते, दुसऱ्या खोलीची चालत नाही. म्हणून सगळ्यांना मिनिटभर पुतळ्यासारखं उभं करून नुसती खोली रेकॉर्ड करायची. त्याला आम्ही रूम टोन म्हणतो. मी सगळ्यांना हात वर करून थांबवलं. काका तेवढे डब्यातून आपला फोन घेऊन, तो चालू करत स्वयंपाकघरात निघाले. त्यांना थांबवायचं मला धैर्य झालं नाही. दार लोटल्याचा आवाज आला, मी मशीन चालू केलं. त्यांच्या छातीवरचा माइक तसाच होता.

सगळे स्तब्ध. आणि माझ्या हेडफोनमध्ये काकांचा फोन वाजला.

“हां, दाजी... काय?... काय म्हणतंस?... दी. तिका दी आधी.” मग एक लांबच लांब श्वास. “आये?”

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

“आये... जेवलंस?” ते म्हणाले. मघाशी एवढं बोललेला माणूस, त्याच्या तोंडून तेवढंच निघालं. “हां... मी? जेवलंय मी. जेवलंय... नाय गे, ता चुकान...”

मी हेडफोन उतरवले. माणसाने किती ऐकावं याला काही मर्यादा आहे. मशीन तसंच चालू राहिलं. दाराच्या काचेतून दिसत होतं, काकांनी फोन दोन्ही हातांनी छातीशी गच्च धरला होता आणि तोंड उघडं टाकून ते आवाज न करता रडत होते. तिला ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांची माझ्याकडे नजर गेली, मी मान वळवली.

बाहेर आले ते हसतच. “जिवंत आहे रे! जिवंत आहे माझी आये! आज घरी तुळशीचं लग्न. ती मागं लागली होती, या वर्षी जोरात करायचं. म्हणून दुकान बंद, म्हणून बायका, म्हणून भटजी. आणि ती जागरणं करून खरंच झोपली होती. छातीत दुखतंय तिच्या, डॉक्टर येऊन गेलाय, पण जिवंत आहे. माझा मेसेज दाजीच्या मुलीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला! आये मला म्हणते कशी, ‘मेल्या, माका आजच जाळतंस?’”

युनिटमध्ये हशा पिकला. बत्राने त्यांना मिठी मारली. आम्ही सगळे इतके हसलो की माझ्या पोटात दुखायला लागलं. परदेशात तिथी-वार कोण बघतो! माग्दा हसली नाही. तिने जाऊन परत गेलेलं ताट गरम करून आणलं आणि काकांच्या पुढ्यात ठेवलं.

रूम टोन खराब झाला होता. मी तो पुन्हा घेतला, आणि पहिल्यावर ‘खराब’ लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका विमानात बसले. आये त्याच दिवशी गेली. ते हवेत होते तेव्हा.

तेरावं करून ते परत कामावर आले, उरलेला सिनेमा मुंबईच्या स्टुडिओत पुरा झाला. सगळ्यांशी पहिल्यासारखं बोलायचे. मी छातीला माइक लावताना मात्र पुन्हा कधी कोटी केली नाही.

सिनेमा पडला. आठवडाभरही टिकला नाही. तो सीन आम्ही पहिल्या खेळाला पाहिला. दिल्लीचा डिटेक्टिव्ह बायकोशी मालवणीत कसा बोलेल, म्हणून त्यांचे शब्द काढून टाकले होते. स्टुडिओत दुसऱ्याच कोणाकडून गुळगुळीत हिंदी वाक्यं म्हणवून घेतली होती आणि वर व्हायोलिनं ओतली होती. काकांचे ओठ एक म्हणत होते, आवाज दुसरंच. माझ्या मागे कोणीतरी जांभई दिली. एका वर्तमानपत्राने लिहिलं, नायकाचं दुःख प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही. मला त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटली. काका माझ्या शेजारी बसून आपल्या चपलांकडे बघत होते.

त्यानंतर आमच्या भेटी कमी होत गेल्या. त्यांनी कामं कमी केली, मग बंदच केली. मी पुण्यात कोथरूडला छोटा स्टुडिओ टाकला.

गेल्या वर्षी, एका सकाळी, कसलीही कल्पना न देता काका दारात उभे. हातात काजूची पिशवी. खूप म्हातारे दिसत होते. दोन्ही कानांत यंत्रं होती आणि ती मधूनच शीळ घालत होती.

“काय पोंक्षे! आता तू कितीही हळू शिव्या दे, मला ऐकू येणार नाहीत.”

मी त्यांना बसवलं, चहा मागवला. ते थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले, “त्या दिवशी मी स्वयंपाकघरात आयेशी बोलत होतो. तेव्हा तुझं मशीन चालू होतं का रे?”

“होतं. पण मी ऐकलं नाही काका. हेडफोन काढले होते.”

“माहीत आहे. काचेतून बघितलं होतं मी तुला. म्हणून तर तुझ्याकडे आलो.” ते खुर्चीत पुढे सरकले. “‘माका आजच जाळतंस’ इथवर मी सगळ्यांना सांगितलं. पुढचं कोणाला सांगितलं नाही. पुढं ती म्हणाली, ‘बरां. तू सांगतंस तर मी वाट बघूचंय नाय.’”

मी त्यांचा कप बाजूला सरकवला.

“तेव्हा मला रडू फुटलं, फोन छातीशी धरला. ती आणखी काहीतरी बोलत होती, फोन थरथरत होता छातीवर. कानाला लावला तेव्हा दाजी होता लायनीवर. आणि तिनं खरंच वाट बघितली नाही. मी पोचलो तर राख गार झाली होती. दाजीला म्हटलं, थांबायचं होतंस रे. तर तो म्हणाला, तूच लिहिलं होतंस. माझा शब्द सगळ्यांनी पाळला, पोंक्षे.”

यंत्राने शीळ घातली. त्यांनी ते नीट बसवलं.

“मला एवढंच कळायला हवं. ती ते हसून म्हणाली, की रुसून? मी इतकी वर्षं मनात तिच्या आवाजात ते वाक्य म्हणून बघतो. नट आहे, दोन्ही तऱ्हांनी म्हणता येतं. पुढचं ऐकलं की कळेल. फोन तुझ्या माइकवरच होता ना?”

आवाजाची माणसं काही फेकत नाहीत. जुन्या डिस्कवर ते सापडलं, ‘रूम टोन, खराब’. खालून ट्राम जात होती. तिचा घरघराट मी जमेल तेवढा छाटला, तिच्यामागचा बारीक आवाज वर आणला. मग हेडफोन त्यांना दिले. त्यांनी यंत्रं काढून ते लावले, डोळे मिटले. मी आवाज वाढवत गेलो. इतका, की मला बाहेर बसून ती घरघर ऐकू येत होती.

“गाडी जातेय,” ते म्हणाले. “नुसती गाडी जातेय रे.”

पुन्हा ऐकलं. पुन्हा लावलं. शेवटी त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. “तू ऐक. तू कानाचा माणूस. मला सांग.”

मी ऐकलं.

तो आवाज स्वच्छ होता. म्हातारा, दमलेला, मागे बायकांचा कलकलाट, आणि ती हसत होती. ‘वाट बघूचंय नाय’ म्हणता म्हणताच हसायला लागली, हसता हसता खोकली. मग फोन छातीवर दाबल्याची खसखस, आणि तिचा आवाज एकदम जवळ, त्यांच्या कानाऐवजी माझ्या माइकमध्ये. “आवाजावरसून कळता माका. तू जेवक नाय. आधी जेव, आणि मगे सावकाश ये. मी बरी आसंय.”

सिनेमातल्या डिटेक्टिव्हला अख्ख्या सिनेमात जे जमलं नाही, ते या बाईला एका शब्दावरून जमलं होतं. मला आनंद झाला होता. एवढा जुना काटा मी आता उपटून देणार होतो.

“काका, हसतेय! अगदी स्पष्ट हसतेय. म्हणाली, आवाजावरून कळतं, तू जेवला नाहीस. आधी जेव, मग सावकाश ये. मी बरी आहे म्हणाली.”

त्यांनी यंत्रं कानात घातली होती. माझ्याकडे एकटक बघत होते.

“हसत होती?”

“हसत होती.”

“आणि जेव म्हणाली.”

“हो काका.”

“मी तेव्हा जेवलो नव्हतो, हे तुला माहीत होतं ना?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. “काका, शपथ! तुमच्या घरच्या कोणाला तरी बोलावू. दाजींना पाठवतो मी हे, ते ऐकतील आणि सांगतील.”

“कोणालाही बोलाव,” ते मायेने म्हणाले. “सगळे हेच सांगतील. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं.”

त्या म्हातारीने एखादी शिवी हासडली असती, घरातलं काही बोलली असती जे मला माहीत असणं शक्य नव्हतं, तरी चाललं असतं. पण ती बोलली होती ते इतकं साधं, की चांगला माणूस खोटं बोलताना नेमकं तेच बोलेल. मायेपोटी खोटं बोलायची रीत नसलेली एकटी माग्दा असती तर त्यांनी विश्वास ठेवला असता, आणि तिला मालवणी येत नव्हती.

“खरंच हसत होती काका,” मी पुन्हा म्हणालो. माझा आवाज फाटला.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. काजूची पिशवी माझ्याकडे सरकवली.

“बरं,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा, “बरं.”

पहिला जरा वर होता, दुसरा खाली.